हातानं केलेलं कार्ड नक्की कुणासाठी?

फेब्रुवारी जवळ आला की माझ्या खोलीत पाय ठेवायला जागा राहत नाही. कार्डशीट, क्रेप, खडेबाजारातून आणलेल्या रिबिनी, टिकल्या, फेविकॉल, आईच्या शिवणातून उरलेली लेस. गेली तीन वर्षं मी मैत्रिणींसाठी आणि त्यांच्या ओळखीच्यांसाठी घरी ग्रीटिंग कार्डं करून देते. एका कार्डाचे साठ ते शंभर रुपये. त्यातून माझी पुस्तकं येतात. तेव्हा ‘हातानं केलेल्या भेटीची सर कशालाच नाही’ असं मी लिहिलं तर माझाच फायदा आहे. पण मला आज थोडं उलटं सांगायचं आहे. एखादी वस्तू हातानं केली, एवढ्यावरून तिच्यात प्रेम आहे असं ठरत नाही. आणि ती घेणाऱ्याच्या डोक्यावर कसलं कर्ज तर मुळीच चढत नाही.

२०२४ ची गोष्ट. त्या वर्षी १४ फेब्रुवारीला व्हॅलेंटाइन डे, वसंत पंचमी आणि आमचा राखेचा बुधवार असं तिन्ही एकाच दिवशी आलं होतं. सकाळी मिस्सा करून, कपाळावर राख घेऊन मी कॉलेजात आले, तर कँटीनमध्ये ही गर्दी! आमच्या ओळखीच्या एका मुलानं एका मुलीला काचेची बरणी दिली होती. आत शंभर रंगीत चिठ्ठ्या, प्रत्येक चिठ्ठी गुंडाळून दोऱ्यानं बांधलेली, झाकणावर खणाचं कापड. दिसायला खरंच सुंदर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मोबाईल बाहेर काढले. मुलगी कसनुसं हसली आणि तिनं बरणी घेतली.

तिला तो मुलगा नको होता. तसं तिनं त्याला आधी सांगितलंही होतं. पण पुढचे आठ दिवस तिला एकच ऐकावं लागलं, “अगं, शंभर चिठ्ठ्या! किती रात्री जागला असेल बिचारा! तुला काहीच कसं वाटत नाही?” असं म्हणणाऱ्यांत मीही होते. एवढंच नाही, चिठ्ठ्यांचे कागदही मीच कापून दिले होते. वीस रुपये घेतले होते त्याचे.

आठवड्यानं ती बरणी घेऊन आमच्या घरी आली. पलंगावर बसून आम्ही तीस-चाळीस चिठ्ठ्या उघडल्या. डोळे चांदण्यासारखे, हसू मोत्यासारखं, तूच माझं जग. ती म्हणाली, “यातलं माझं नाव काढून तुझं घातलं तर काय बदलेल, सांग बघू?” काहीच बदललं नसतं. ती डावखुरी आहे, कुत्र्यांना भिते, वर्गात झोप आली की वहीत मासे काढत बसते. शंभर चिठ्ठ्यांत यातलं एकही नव्हतं. त्या मुलानं कष्ट केले होते यात शंका नाही. तिच्याकडे नीट बघितलं मात्र नव्हतं. बघितलं असतं, तर तिचा नकारही त्याला ऐकू आला असता.

तेव्हापासून मला वाटतं, आपण चुकीची गोष्ट मोजतो. किती तास लागले, किती थर चिकटवले, किती चिठ्ठ्या बांधल्या. हे सगळं देणाऱ्याबद्दल सांगतं. घेणाऱ्याबद्दल त्यात काय आहे?

हा घोटाळा काही आजचा नाही. अमेरिकेतल्या वूस्टर गावात एस्थर हाउलंड नावाची मुलगी होती. तिच्या वडिलांचं स्टेशनरीचं दुकान होतं. १८४७ साली तिचं कॉलेजशिक्षण संपलं. इंग्लंडहून आलेलं एक लेसचं व्हॅलेंटाइन कार्ड पाहून तिनं तशी कार्डं घरीच करायला घेतली. मागणी वाढली तशा तिनं आणखी मुली कामाला बसवल्या आणि प्रत्येकीला एकेक काम वाटून दिलं. एकीनं चित्रं कापायची, दुसरीनं मांडायची, तिसरीनं चिकटवायची. सगळं हातानंच, पण घरातल्या घरात कारखाना. १८७९ साली तिच्या कंपनीनं नुसत्या कवितांची पुस्तिका काढली. कार्डातली कविता पसंत नसेल तर पुस्तिकेतली दुसरी निवडा आणि तिच्यावर चिकटवा! आज पुस्तिकेच्या जागी फोन आहे. “तिच्यासाठी चार रोमँटिक ओळी दे” म्हटलं की दोन सेकंदांत ओळी हजर. लेस आपली, ओळी भलत्याच कुणाच्या.

याच्या उलट एक कार्ड आमच्या घरी आहे, आजीच्या बिस्किटांच्या डब्यात. आजोबा लग्नानंतर काही वर्षं नोकरीसाठी मुंबईत होते आणि आजी इथं बेळगावात. त्यांनी कॅलेंडरवरचा गुलाब कापून वहीच्या पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवला होता. कसरीनं एक कोपरा खाल्लाय. आत तीनच ओळी आहेत. तुझ्या छत्रीची दांडी बसवून घेतली. पावसाच्या आधी घेऊन येतो. तोवर भिजू नकोस. ‘प्रेम’ हा शब्द कुठेच नाही. आजीला विचारलं तर म्हणते, “फूल बघ कसं वाकडं कापलंय!” पण डबा दुसऱ्या कुणाला उघडू देत नाही. हे कार्ड दुसऱ्या कुठल्याही बाईला देऊन चाललं नसतं, कारण ती छत्री आजीची होती.

यावर दोन आक्षेप मला माहीत आहेत. पहिला, “प्रत्येकाला लिहिता येत नाही गं, तू साहित्याची विद्यार्थिनी.” खरं आहे. पण आजोबा सातवी शिकले होते. छत्रीबद्दल लिहायला साहित्य लागत नाही, छत्री मोडलीय हे लक्षात राहावं लागतं. दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. एक मैत्रीण म्हणाली, “माझ्या अक्षरात लिहिलं आणि घरी कुणाला सापडलं तर?” आपल्याकडे ही भीती खोटी नाही. अशा वेळी कार्ड न दिलेलंच बरं. जे सांगायचंय ते समोर बसून सांगावं. सुंदर कागदासाठी कुणाला अडचणीत टाकायचं कशाला?

त्या दिवशी राखेच्या बुधवारी चर्चमध्ये जे शुभवर्तमान वाचलं जातं, ते गाजावाजा न करता देण्याबद्दलचं आहे. मी ते सकाळी ऐकलं आणि तासाभरानं कँटीनमध्ये टाळ्या वाजवल्या. म्हणून हा लेख दुसऱ्यांना उपदेश करण्यासाठी नाही, निदान पूर्णपणे तरी नाही.

आता ऑर्डर घेताना मी दोन गोष्टी सांगते. एक, कार्ड मी करीन, आतला मजकूर तुझा आणि अक्षरही तुझं. आधी पेन्सिलनं लिही. त्यातली एक तरी ओळ अशी हवी की ती दुसऱ्या कुणालाच लागू पडणार नाही. नाही सुचली तर कार्ड थांबव आणि आधी त्या माणसाशी बोल. दोन, ते चारचौघांत देऊ नकोस. एकट्यानं दे आणि ‘नाही’ म्हणायला जागा ठेव. ‘नाही’ आलं तर कष्टांचा हिशेब काढायचा नाही. कष्ट तू तुझ्या हौसेनं केलेस.

यामुळे यंदा माझ्या ऑर्डरी निम्म्या झाल्यात. ती बरणीवाली मैत्रीण मात्र परवा आली. बरणी धुऊन तिच्यात तिनं मला लोणचं आणलं होतं, कमी तिखटाचं. मला तिखट सोसत नाही हे तिच्या लक्षात होतं.