राखणीचा कुत्रा आणि मिरवण्याचा कुत्रा

दिल्लीच्या मेजावर तयार होणारी यादी आणि गावच्या शिवारातील वस्तुस्थिती यांचा संबंध किती विरळ असू शकतो, याचा एक नमुना १२ मार्च २०२४ रोजी देशापुढे आला. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने त्या दिवशी राज्यांना पत्र पाठवून कुत्र्यांच्या तेवीस जाती हिंस्र ठरविल्या. या जातींची विक्री, पैदास व पालन यांस परवाने देऊ नयेत, आणि जे कुत्रे आधीच पाळलेले आहेत त्यांचे निर्बीजीकरण करावे, असा त्या पत्राचा आशय होता. महिना उलटला नाही तोच १० एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयाने, आणि त्यानंतर सहा दिवसांनी दिल्ली उच्च न्यायालयाने ते पत्र रद्दबातल केले. संबंधितांचे म्हणणे न ऐकताच निर्णय घेतला गेला, हा त्यातील मुख्य दोष होता. लोकांच्या हरकती मागविण्याची उपरती सरकारला त्यानंतर झाली.

वृत्तपत्रांनी या प्रकरणाकडे शहरातील श्वानप्रेमी विरुद्ध श्वानद्वेष्टे असा एक सामना म्हणून पाहिले. आपल्या चळवळीतही पुष्कळांनी हा धनिकांच्या हौसेचा विषय म्हणून सोडून दिला. दुष्काळ, हमीभाव आणि बेकारी पुढे उभी असताना कुत्र्यांची चर्चा कोणी करावी, असा प्रश्न विचारला जातो. परंतु त्या यादीतील नावे जरा लक्षपूर्वक वाचली असती, तर तिच्यात कांगल, अकबाश, शारप्लानिनात्स, तोरन्याक, मध्य आशियाई व कॉकेशियन मेंढपाळी कुत्रे आहेत हे ध्यानी आले असते. हे धनिकांचे कुत्रे नव्हेत. तुर्कस्तान, बाल्कन आणि कॉकेशसच्या डोंगराळ मुलुखांत गरीब मेंढपाळांनी शेकडो वर्षे जोपासलेली ही श्रमाची जनावरे होत. ती हिंस्र कशी ठरली, आणि कोणाच्या हाती जाऊन ठरली, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

परतूर तालुक्यातील वाटूर हे जालना–मंठा रस्त्यावरचे गाव. (१९८१ साली जालना जिल्हा झाला, तोवर हा तालुका परभणीत होता.) कापूस आणि सोयाबीन निघाले, रानं मोकळी झाली, की मराठवाड्याच्या अशा काळ्या शिवारांत धनगरांचे वाडे उतरू लागतात. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो आणि लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसा देतो. हा व्यवहार कोणत्याही बँकेच्या वहीत नसतो. रात्री जाळीच्या वाघरीत कळप कोंडला, की त्याच्या भोवती जी दोन-तीन कुत्री पडून असतात, त्यांच्यावर त्या कुटुंबाची सारी मत्ता विसंबून असते. लांडगा एका रात्रीत कळपात शिरून अनेक मेंढ्या फाडू शकतो. ज्याच्याकडे जमीन नाही, घर नाही, त्याचे ते एकमेव भांडवल. महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या असल्याचे २०१९ च्या पशुगणनेत आढळले. त्यांच्या राखणीचे काम करणाऱ्या कुत्र्यांची नोंद मात्र शासनाने श्रम म्हणून कधी केलेली नाही.

हा धनगरी कुत्रा आकाराने अवाढव्य नसतो, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. तो सडपातळ, लांब पायांचा, आखूड केसांचा असतो. ज्या मुलुखात उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर जातो, तेथे दोन थरांच्या दाट लोकरीचा साठ-सत्तर किलोचा देह पोसणे म्हणजे त्या जनावराला भट्टीत बांधणे होय. निसर्गाने व मेंढपाळाच्या अनुभवाने मिळून येथे जी निवड केली ती येथल्या उन्हाची, येथल्या भाकरीची आणि येथल्या चालीची आहे. गळ्यात खिळ्यांचा पट्टा असलेल्या या कुत्र्याने लांडग्याला मारावे अशी अपेक्षा नसते. त्याने भुंकावे, आडवे व्हावे आणि लांडग्याला तो घास महाग पडेल असे करावे, एवढीच असते. खंडोबाच्या सोबतीला कुत्रा आणि त्याच्या भक्तांत वाघ्या आहे तो काही उगाच नव्हे.

राखणीचा कुत्रा जन्मतःच तयार नसतो. पिल्लू तिसऱ्या आठवड्यापासून तीन-चार महिन्यांचे होईतो मेंढरांच्या अंगाला अंग लावून वाढले, तरच ते मेंढीला आपली मानते. याच वयात ते माणसांत, मुलांत, परक्याच्या येण्याजाण्यात वावरले, तर पुढे भुंकणे आणि चावणे यांतील फरक त्याला कळतो. १९७६ च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील हॅम्पशायर कॉलेजात रेमंड कॉपिंजर यांनी युरोप व तुर्कस्तानातील असे कुत्रे आणून त्यांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. तेव्हा त्यांच्या हाती आलेले सार मेंढपाळांना आधीच ठाऊक असलेलेच होते. नामिबियात १९९४ पासून चित्त्यांच्या संरक्षणासाठी शेतकऱ्यांना हेच तुर्की कुत्रे देण्यात येऊ लागले. कळप वाचला म्हणजे शेतकरी चित्त्यावर बंदूक उचलत नाही, असा त्यामागचा साधा हिशेब होता. म्हणजे जो कुत्रा आफ्रिकेत शेतकरी आणि श्वापद या दोघांचाही कैवारी ठरतो, तोच आपल्या राजधानीत हिंस्रांच्या यादीत बसतो.

परंतु यादी करणाऱ्यांना भीती वाटावी असे काही घडलेच नाही, असेही म्हणता येत नाही. गेल्या काही वर्षांत शहरांच्या कडेच्या फार्महाऊसवर, नव्या बंगल्यांवर आणि आता तालुक्याच्या गावांतून कंत्राटदार, जमिनीचे दलाल व नवश्रीमंत पुढारी यांच्या दारी महाकाय परदेशी कुत्रे दिसू लागले आहेत. त्यांच्यापुढे मेंढरू नाही, लांडगा नाही, चालण्यास रान नाही. हाताची साखळी, लोखंडी पिंजरा, आणि फाटकाबाहेरून जाणारा प्रत्येक माणूस हाच लांडगा. स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेणारे हे जनावर. शतकानुशतके त्याला धन्याच्या हुकमाची वाट न पाहण्यासाठीच निवडले गेले आहे. त्याला एकांतात बांधून ठेवणे आणि मग ते अंगावर आले म्हणून जातीला दोष देणे, हा मालकाने आपली जबाबदारी जनावराच्या रक्तावर ढकलण्याचा प्रकार आहे.

येथे वस्तूचे उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांतील जुना भेद आठवतो. धनगर कुत्रा विकत नाही. चांगल्या कुत्रीचे पिल्लू सोयऱ्याला देतो, आणि ते कामाचे निघाले नाही तर त्याची वंशवेल तेथेच थांबते. ही पैदास कामाच्या कसोटीवर होते. बाजारातील पैदास वजन, डोक्याचा घेर आणि छायाचित्रातील रुबाब यांच्या कसोटीवर होते. तिबेटी मास्टिफचे चीनमध्ये काय झाले ते पाहण्यासारखे आहे. २०११ च्या सुमारास तेथे एकेका कुत्र्याला कोटी-कोटी युआन मोजल्याच्या बातम्या येत होत्या; कोळसा आणि जमिनीत पैसा केलेला वर्ग त्यांचा गिऱ्हाईक होता. ज्यांच्या पूर्वजांनी हे कुत्रे याकांच्या कळपांवर ठेवले त्या पशुपालकांच्या मुलुखात पैदाशीचे कारखाने उभे राहिले. २०१५ पर्यंत हौस ओसरली, भाव कोसळला, आणि पिंजरे उघडे करून देण्यात आले. मोकाट सुटलेले कुत्रे टोळ्यांनी पठारावर फिरू लागले व त्याच गरीब पशुपालकांच्या मेंढ्यांवर आणि माणसांवर चाल करू लागले. नफा शहरात गेला, उपद्रव कुरणावर राहिला. आपल्याकडे इमूपालनाचा फुगा २०१२ च्या सुमारास फुटला, आणि २०१९ मध्ये सांगलीकडे कडकनाथ कोंबडीच्या योजनेत शेतकरी नागवले गेले. उद्या कोणी जोडधंदा म्हणून महाकाय कुत्र्यांच्या पिल्लांची योजना घेऊन खेड्यात आला, तर त्याला ओळखण्याइतका अनुभव आपल्या गाठी असला पाहिजे.

असा कुत्रा पाळण्याचा खरा खर्च किती? दिवसाला किलोभराहून अधिक कसदार आहार, लसी, जंतनाशक, फिरवण्यासाठी माणूस. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसभर राबणाऱ्याला २९७ रुपये मिळत होते, आणि त्यात त्याला सारे कुटुंब जगवायचे होते. या तुलनेवरून कुत्र्याच्या तोंडचा घास काढावा असे सुचवावयाचे नाही. ज्याला हा खर्च झेपत नाही किंवा करावयाचा नाही त्याने ते जनावर आणू नये, एवढेच. महाकाय जातींची हाडे दीड-दोन वर्षेपर्यंत वाढत असतात. खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक विकार त्यांच्यात वारंवार दिसतो, पोटाला पीळ पडून काही तासांत मरण येते, आणि आयुष्यही लहान कुत्र्यांहून थोडे असते. म्हणून नर-मादीचे सांधे क्ष-किरणाने तपासल्याखेरीज, त्यांचा स्वभाव पाहिल्याखेरीज जोड लावणे हा गुन्हाच समजला पाहिजे. २०१७ च्या श्वानपैदास नियमांनी पैदासकाराची नोंदणी सक्तीची केली, दीड वर्षाच्या आतल्या कुत्रीची वीण घेऊ नये, आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेऊ नयेत, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये, असे बंधन घातले. नियम चांगले आहेत. मात्र तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जेथे जनावरांच्या लसीकरणासच हात पुरत नाहीत, तेथे ही तपासणी कोण करणार, याचे उत्तर नियमांत नाही.

आणि झळ कोणाला लागते? फाटकाच्या आत मालक सुरक्षित असतो. पिंजरा साफ करतो तो सालगडी. आखाड्यावर वस्तीला असतात ती त्याची मुले. रस्त्याने पायी शाळेत जाते ती शेतमजुराची मुलगी. साखळी तुटते तेव्हा पहिला दात त्यांना लागतो. जगातील रेबीजमृत्यूंपैकी सुमारे छत्तीस टक्के भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि बळींत मुलांचे प्रमाण मोठे आहे. यांतले बहुसंख्य मृत्यू महाकाय कुत्र्यांमुळे होत नाहीत हे खरे. परंतु चावा घेणारे जनावर कोणाच्या मालकीचे आहे हे सांगता येत असताना त्या मालकाने काय भोगावे? निष्काळजीपणे जनावर बाळगून इतरांच्या जिवास धोका निर्माण करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही सांगितले आहे. जुन्या दंडविधानात तो दंड हजार रुपये होता. दीड शतकानंतर पाच पट! पिल्लाच्या किमतीपुढे हा दंड म्हणजे फुटकळ उधारी. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आणि देशभर जो वाद माजला तो भटक्या कुत्र्यांविषयी होता. मालकीच्या कुत्र्याचा मालक त्या धुरळ्यात सहज दृष्टीआड झाला.

धनगराच्या बाजूने बोलताना त्याचे दोष झाकण्याचे कारण नाही. वाड्यावरच्या कुत्र्यांना लस क्वचितच मिळते, आणि उपाशी कुत्रा ससे मारीत फिरतो. पुणे परिसरातील माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा पुरावा संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या लांडग्याला १९७२ च्या कायद्याने सर्वोच्च संरक्षण दिले, त्याचा वंश मोकाट कुत्र्यांमुळे भेसळतो आहे. पण धनगराला दोष देण्यापूर्वी त्याला काय दिले हे पाहावे. २०१७ पासून चालू झालेल्या महामेष योजनेत मेंढ्या आणि मेंढानर अनुदानाने देण्याची तरतूद झाली. त्यांची राखण करणाऱ्या कुत्र्याचा विचार कोणाला सुचला नाही. लांडग्याने मेंढी मारल्यास भरपाई आहे, परंतु पंचनामा होईपर्यंत थांबणे मुक्कामाला एक-दोन रात्री असणाऱ्या वाड्याला परवडत नाही. गायराने आक्रसत चालली आहेत ती निराळीच गोष्ट. त्यांवर भूमिहीन दलितांचाही न्याय्य दावा आहे, आणि या दोन गरिबांना एकमेकांसमोर उभे करणारे तिसरेच कोणी असतात.

तेव्हा सरसकट बंदी हा उपाय नव्हे, आणि ज्याला परवडेल त्याने हवे ते पाळावे हेही नव्हे. बंदी आली की पैदास चोरून होते, तपासणी संपते, आणि उरल्यासुरल्या प्रामाणिक पैदासकाराचाच बळी जातो. बांधायचे ते मालकाला. ठराविक वजनावरील प्रत्येक कुत्र्याची ग्रामपंचायतीत नोंद, कातडीखाली ओळखचिप, दरवर्षीची रेबीजची लस आणि तिऱ्हाइताच्या इजेसाठी सक्तीचा विमा, यांतले काहीही अशक्य नाही. मोटारीला जो नियम लागू आहे तो साठ किलोच्या जबड्याला लागू करण्यास अडचण नसावी. इजा झाली तर निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार मजुरावर नको, काळजी घेतली होती हे मालकाने सिद्ध करावे. दुसऱ्या बाजूस, धनगरी कुत्र्याला देशी जात म्हणून मान्यता मिळण्यासाठी कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेकडे पद्धतशीर नोंदी गेल्या पाहिजेत. तमिळनाडूच्या राजपालयम व चिप्पीपाराई आणि कर्नाटकाच्या मुधोळ हाउंड यांना ती मिळाली, २०२५ मध्ये हिमाचलच्या गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्यालाही मिळाली. मान्यता मिळाली की बाजारही येईल, आणि मुधोळप्रमाणे पिल्लांचे भाव वाढतील, हा धोका आहे. म्हणून नोंदीची व निवडीची मालकी मेंढपाळांच्या सहकारी संस्थेकडे हवी, शहरातील श्वानमंडळांकडे नको.

कार्यकर्त्यांना यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. वाटूरसारख्या गावी फाट्यावर बसून आठवडाभरात शिवारातील वाडे, त्यांवरील कुत्री आणि वस्त्यांवरचे साखळबंद कुत्रे यांची यादी होऊ शकते. परतूरच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडे वाड्यावर येऊन लस टोचण्याचा एक दिवस मागता येतो. १ मेच्या ग्रामसभेत नोंदवहीचा ठराव यावयाचा असेल, तर तो एप्रिलमध्येच लेखी द्यावा लागेल. त्या सुमारास वाडे अजून रानात असतात. मृग लागल्यावर ते निघून गेलेले असतील.