घाटाचा धंदा घाटात टाकू नका



पहिला दणकून पाऊस झाला की नांदेड-लातूरच्या पोरांचे मला दोन प्रश्न येतात. पहिला, "सर, एका दिवसात जाऊन यायला घाट कुठला चांगला?" दुसरा प्रश्न तीच पोरं फिरून आल्यावर येतो, "सर, तिथं एखादं हॉटेल टाकलं तर?" पहिल्याचं उत्तर मी आनंदाने देतो. दुसऱ्यावर माझं मत जरा कडू आहे, आणि व्हिडिओत ते दीड मिनिटात उरकावं लागलं, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

आधी फिरण्याचं बोलू. "आपल्या मराठवाड्यात कुठाय घाट, घाट म्हणजे माळशेज," असं म्हणणाऱ्यांनी एक गंमत लक्षात घ्यावी. नांदेडमधून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 61 कल्याणवरून जातो आणि माळशेज चढूनच अहिल्यानगर, परभणी करत आपल्याकडे येतो. म्हणजे माळशेजचा रस्ता आपल्या दारातच आहे, फक्त आपण त्याच्या दुसऱ्या अंगाला राहतो. हाच रस्ता नांदेडहून भोकरला जातो. भोकरला तो सोडायचा, हिमायतनगरकडे वळायचं आणि इस्लापूर गाठायचं. जवळच पैनगंगेवर सहस्रकुंडचा धबधबा. काळ्या खडकातून नदी फुटते ते बघायला अलीकडून नांदेड जिल्ह्याची माणसं उभी असतात आणि पलीकडून यवतमाळची. वर इसापूरच्या धरणातून पाणी सोडलं की त्याचं रूपच बदलतं, त्यामुळे खडकावर उतरून सेल्फी काढणाऱ्यांना हात जोडून सांगा, नको. पुढे किनवटचं सागवानाचं जंगल लागतं, वाड्या-तांडे लागतात. वाट वाकडी करायची तयारी असेल तर उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आहेत. मग माहूर. रेणुकामातेचा गड, दत्तशिखर, अनसूयामाता, सगळं डोंगरावर आणि सगळीकडे वळणावळणाचा चढ. परत येताना धनोड्यावरून महागाव, उमरखेड, हदगाव, अर्धापूर करत नांदेड. सगळा फेरा तीनशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे निघालात तरच दिवसात बसतो.

लातूरकरांना एवढं लांब जायची गरज नाही. मुरूड, ढोकी करत येडशीला जा. रामलिंग घाटाचं अभयारण्य तिथंच आहे. खाली दरीत महादेवाचं मंदिर, पाऊस चांगला झाला की मंदिरामागे धबधबा, आणि नशीब असेल तर मोर. दुपारच्या जेवणाला घरी पोचाल.

तर आता दुसरा प्रश्न. अशा ठिकाणी रविवारी गेलं की गाड्यांची रांग दिसते, भज्यांच्या गाड्यावर झुंबड दिसते, आणि आपल्या डोक्यात हिशोब सुरू होतो. एवढी माणसं, इतकी प्लेट, गुणिले तीस दिवस. घोटाळा त्या तीसमध्ये आहे. तुम्ही रविवारी गेलात म्हणून तुम्हाला रविवार दिसला.

मोजून बघा. आपल्याकडे डोंगर खऱ्या अर्थाने हिरवा दिसतो तो साधारण जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. तेरा आठवडे, म्हणजे सव्वीस शनिवार-रविवार. पंधरा ऑगस्ट आणि सणावाराच्या सुट्ट्या धरा. देवस्थान असेल तर रामलिंगला श्रावणातले सोमवार, माहूरला नवरात्र आणि दत्तजयंती. तरी मन मोठं करून चाळीस दिवस धरू. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेल्यावर घाट बघायला कोणी येत नाही, तुमचा सख्खा मेहुणासुद्धा नाही.

आता समजा तुम्ही शेड, फ्रीज, टेबल-खुर्च्या, बोअर, पाट्या यासाठी 5 लाखांचं कर्ज काढलं. व्याज 11 टक्के, मुदत पाच वर्षं. हप्ता येतो महिन्याला जवळपास 10,900 रुपये, वर्षाला 1 लाख 30 हजारांच्या घरात. हे चाळीस दिवसांवर वाटा. प्रत्येक गर्दीच्या दिवशी 3,250 रुपये नुसत्या हप्त्याचे. एका प्लेटमागे हातात 20 रुपये सुटत असतील तर त्या दिवशीच्या पहिल्या 160-165 प्लेटा बँकेच्या. त्यानंतर पोराचा पगार, गॅस, उरलेला माल आणि सगळ्यात शेवटी तुम्ही. त्यात चार रविवार धो-धो पाऊस पडून रस्ता बंद झाला की हंगामाचा दहावा हिस्सा गेला. आणि शेजारी इस्लापूरच्याच बाईंचा गाडा आहे. त्यांना जागेचं भाडं नाही, कर्ज नाही, सोमवारी त्या शेतात जातात. त्यांच्याशी भावात तुम्ही टिकणार नाही, आणि खरं सांगू का, टिकूही नये. तो चाळीस दिवसांचा धंदा ज्याचं घर तिथं आहे त्याच्यासाठीच बरोबर आहे.

हा चाळीस दिवसांचा प्रश्न नवा नाही. येडशीच्या ज्या भागात आपण फिरायला जातो, तिथून एके काळी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरला यायची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रुळांची ही लाइन उभी केली. 1897 मध्ये ती आजच्या कुर्डूवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली, 1906 मध्ये पंढरपूरला आणि 1911 मध्ये लातूरला पोचली. हा धंदा म्हणून बघा. पंढरपूरला वारीच्या वेळी तुडुंब गर्दी, हा झाला त्यांचा हंगाम. पण बार्शी-लातूर ही कापसाची आणि धान्याची पेठ होती. यात्रा नसेल तेव्हाही माल वाहायला होता. निव्वळ वारकऱ्यांच्या तिकिटावर एवढं भांडवल गुंतवलं असतं तर बाकीच्या महिन्यांत डबे उभेच राहिले असते. तुमच्या हॉटेलच्या कागदावर "बाकीचे महिने" कुठं लिहिलेत, ते मला दाखवा.

येडशीहून महामार्गाने बीडच्या दिशेला गेलात तर सरमकुंडी फाटा लागतो. खवा आणि पेढ्यासाठी हा पट्टा ओळखला जातो. 2024 मध्ये कुंथलगिरीच्या खव्याला जीआय मानांकनही मिळालं. तिथं गाडी कुणी देखावा बघायला थांबवत नाही. लोक थांबतात, अर्धा किलो-किलो बांधून घेतात आणि निघतात. सोमवार असो की रविवार, वाहतूक चालू आहे तोवर गिऱ्हाईक चालू. वर माल डब्यात बसून घरी जातो, म्हणजे घरातली चार माणसं तुमची चव बघतात. घाटातलं भजं गरम असतानाच संपतं, त्याची आठवण फक्त फोटोत राहते.

म्हणून माझं मत असं आहे. एका दिवसाच्या या फिरण्यावर धंदा नक्की होतो, पण त्याची जागा तुमच्याच गल्लीत आहे, जिथून गाडी निघते तिथं. गिऱ्हाईक सहाशे घरांमधून निघतं आणि सहा ठिकाणी पांगतं, कधी माहूर, कधी रामलिंग, कधी हत्तीबेट, कधी कंधारचा किल्ला. घाट बदलतो, निघायचं गाव तेच राहतं. आणि खर्चाचे बरेच निर्णय आदल्या रात्री घरात होतात.

त्या आदल्या रात्री काय चाललेलं असतं ते आठवा. घरातली बाई विचार करत असते की पहाटे पाचला निघायचं तर धपाटे लाटायचे कधी. सासूबाईंना बाहेरचं तेलकट चालत नाही. पोरांना काहीतरी हवं. इथं तुमचा धंदा आहे. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, सोबत एक सुका खाऊ आणि पाण्याच्या बाटल्या, सहा जणांचा डबा, शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत ऑर्डर, रविवारी पहाटे पाचला दारात. धपाटे दिवसभर टिकतात. दही मात्र वेगळ्या थंड डब्यात द्या. ऑर्डर आधी, पैसे आधी, त्यामुळे माल उरत नाही. आणि हाच डबा हिवाळ्यात लग्नाच्या वऱ्हाडाच्या बसला जातो, जूनमध्ये लातूरला पोरगं ॲडमिशनला घेऊन आलेल्या पालकांना जातो, माळेगावच्या यात्रेला जाणाऱ्यांना जातो. हे झाले "बाकीचे महिने". घरगुती असला तरी एफएसएसएआयची नोंदणी करा. छोट्या धंद्याची फी वर्षाला 100 रुपये आहे, एजंट दोन हजार मागत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. उद्यम नोंदणी तर पूर्ण फुकट आहे.

दुसरी गोष्ट गाडीची. यावर मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण इथं पैसे नाही, माणसं जातात. बऱ्याच पोरांची आयडिया अशी असते की घरची पांढऱ्या नंबरप्लेटची सात सीटर आहे, डिझेल अधिक दोन हजार घेऊन माहूर करून आणू. मित्रांनो, नको. भाड्याने प्रवासी न्यायचे तर परमिट लागतं, पिवळी प्लेट लागते. परमिटशिवाय पकडलं तर मोटार वाहन कायद्यात 10,000 रुपये दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. त्याहून मोठी भीती अशी की अपघात झाला आणि खाजगी गाडी भाड्याने चालवत होता हे निघालं की विमा कंपनी हात वर करते. मग जखमी माणसाची भरपाई तुमच्या शेतातून जाते. परमिट काढून, रीतसर विमा उतरवून करा. खर्च जास्त आहे हे मान्य. पण त्या खर्चाचंच तुम्हाला मार्केटिंग करता येतं.

कारण गिऱ्हाइकाला घाटात गाडीपेक्षा ड्रायव्हरची काळजी असते. नांदेड-लातूरचे आपण सगळे सपाट रस्त्याचे ड्रायव्हर. चौपदरीवर शंभरने मारतो आणि माहूरच्या उतारावर ब्रेकवर पाय ठेवून खाली येतो. ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, वळणावर ओव्हरटेक नाही, धुक्यात हेडलाइट खालीच ठेवायची. एवढं ज्याला येतं आणि जो जेवणानंतर अर्धा तास डुलकी काढून मगच गाडी हातात घेतो, तो ड्रायव्हर हे विकण्यासारखं प्रॉडक्ट आहे. ज्यांच्याकडे स्वतःची गाडी आहे पण घाटाची भीती वाटते, त्यांच्यासाठी दिवसाचा नुसता ड्रायव्हर पुरवणं हाही धंदा आहे. त्याला तर गाडीचं कर्जही लागत नाही. लायसन्स, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी आणि गाडीमालकाच्या विम्याचे कागद मात्र निघण्याआधी बघा.

"पण सर, मला तिथंच काहीतरी करायचंय," असं म्हणणारे असतातच. ठीक आहे. मग घाटाच्या माथ्यावर न टाकता पायथ्याच्या फाट्यावर टाका, जिथून रोजची वाहतूक जाते, आणि सगळ्यात आधी स्वच्छ संडास बांधा. हसू नका. तीनशे किलोमीटरच्या फेऱ्यात बायकांनी पाणी पिणं बंद केलेलं असतं, कारण मध्ये जायला धड जागा नाही. ज्या हॉटेलात ती सोय चांगली, तिथंच गाडी थांबेल, आणि ते ठरवणारा स्टिअरिंगवरचा माणूस नसतो. अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीशिवाय टपरीसुद्धा टाकू नका, आणि महामार्गालगत रस्ता काढायचा तर त्याची वेगळी परवानगी असते, ते जागा घेण्याआधी बघा. धंदा बाईंच्या नावावर असेल तर पर्यटन विभागाच्या "आई" धोरणाची चौकशी जरूर करा. त्यात 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाच्या परताव्याची सोय आहे.

माहूरला गेलात की रेणुकामातेचा तांबूल घेतलाच असेल. पान कुटून केलेला तो प्रसाद लोक घरी घेऊन येतात, शेजारी वाटतात. गडाच्या पायऱ्यांवरच्या दुकानांचं सगळं गणित भक्ताच्या पावलांवर आहे. आता तिथं लिफ्ट आणि स्कायवॉकचं काम मंजूर झालेलं आहे. म्हाताऱ्या माणसांसाठी फार चांगलं. पण पायऱ्या चढणारी गर्दी वरच्या वर गेली तर मधल्या पायरीवरच्या दुकानाचं काय होईल, याचा विचार तिथं गाळा घेणाऱ्याने आजच करायला हवा. जागा विकत घेताना रस्ता उद्या कुठून जाणार, हे विचारायचं असतं.

आता कामाचं. या पावसाळ्यात फिरायला जाच, पण दोनदा जा. एकदा रविवारी घरच्यांना घेऊन. आणि एकदा मंगळवारी, एकटे, वही घेऊन. धनोड्याच्या फाट्यावर नाहीतर येडशीच्या चौकात सकाळी दहा ते एक उभे राहा. किती गाड्या गेल्या, किती थांबल्या, थांबलेल्यांनी काय मागितलं आणि काय न मिळाल्यामुळे पुढे निघाल्या, एवढंच लिहा. शेवटच्या रकान्यात काय आलं ते मला कळवा.