गंजलेले स्मारक

पुतळ्यांसाठी कोट्यवधींच्या तरतुदी करणाऱ्या आपल्या सत्ताधाऱ्यांनी अमेरिकेतील एका पुलाची हकिकत ध्यानात घेण्याजोगी आहे. पिस्कॅटाक्वा नदीच्या एका काठावर न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्समथ शहर, तर दुसऱ्या काठावर मेन राज्यातील किटरी हे गाव. पहिल्या महायुद्धात प्राण गमावलेल्या न्यू हॅम्पशायरच्या खलाशांचे व सैनिकांचे स्मारक म्हणून या दोहोंना जोडणारा पूल बांधण्यात आला. दोन्ही राज्ये व संघ सरकार यांनी खर्च वाटून घेतला. १७ ऑगस्ट १९२३ रोजी तो खुला झाला, तेव्हा फीत कापली पाच वर्षांच्या आयलीन डोंडेरो या बालिकेने.

त्यापूर्वीही या काठांदरम्यान पूल होता. पण ओलांडणाऱ्याला पथकर द्यावा लागे. नवा पूल विनामूल्य होता. किटरीच्या बाजूला मोठी आरमारी गोदी आहे (रशिया-जपान युद्ध संपविणारा १९०५ चा तह तिथलाच). तेथे कामाला जाणाऱ्या कामगाराला पोर्ट्समथहून नदी ओलांडण्याचे मोल आता पडेनासे झाले. मृतांच्या नावाने जिवंतांचा एक बोजा उतरावा, याहून उचित श्रद्धांजली कोणती?

परंतु असे स्मारक महागात पडते. पुतळ्याला वर्षातून एकदा हार घातला की राज्यकर्ते मोकळे होतात. पुलाला रंग हवा, सांध्यांची तपासणी हवी. आणि इथे तर जहाजांना वाट देण्यासाठी मधला गाळा दोन मनोऱ्यांमध्ये सरळ वर उचलला जाई, त्या यंत्राची निगाही हवी. हा आवर्ती खर्च. त्याचे उद्घाटन होत नाही, म्हणून त्याला वालीही नसतो. खाऱ्या हवेत लोखंड गंजत गेले. वाहनांवरील वजनमर्यादा पुनःपुन्हा उतरवावी लागली. डागडुजी करावी की नवा पूल बांधावा, आणि पैसा कोणी किती घालावा, याचा खल दोन्ही राज्यांत चालूच राहिला. जुलै २०११ मध्ये वाहतूक कायमची बंद झाली आणि २०१२ मध्ये हुतात्म्यांचे स्मारक सुटे करून नदीतून हलविण्यात आले.

ऑगस्ट २०१३ मध्ये त्याच जागी, त्याच नावाने नवा पूल खुला झाला. मधल्या काळात पोर्ट्समथच्या महापौर होऊन गेलेल्या आयलीन फोली, म्हणजेच पूर्वीच्या डोंडेरो, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी त्या समारंभाला हजर होत्या.