बसलेल्या आवाजाची दखल

केंद्राच्या असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमात आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची प्रश्नावली भरून घेते. तोंडात न भरणारी जखम आहे का, तोंड उघडताना त्रास होतो का, अशा प्रश्नांच्या ओळीत एक लहानसा प्रश्न असतो : आवाजात काही बदल झाला आहे का? घशाच्या कर्करोगासाठी याहून स्वस्त चाचणी शोधून सापडणार नाही. या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर मिळाल्यावर त्या माणसाने कोठे जायचे, हा खरा प्रश्न आहे.

या कार्यक्रमात तपासणी होते ती प्रामुख्याने तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची. तोंड बॅटरीच्या उजेडात पाहता येते. स्वरयंत्र मात्र जिभेच्या मुळाच्या खाली दडलेले असते. ते पाहण्यासाठी लांब दांड्याचा आरसा किंवा नाकातून सोडायची लवचीक दुर्बीण लागते, आणि ती हाताळणारा कान-नाक-घसा तज्ज्ञही लागतो. १८५४ साली मान्वेल गार्सिया या गायनशिक्षकाने सूर्यप्रकाश आणि आरसे यांच्या साहाय्याने स्वतःचेच स्वरतंतू पाहिले होते. इतकी जुनी आणि साधी ही तपासणी आजही ग्रामीण रुग्णाच्या सहज आवाक्यात नाही.

घशातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. शिक्षक, फेरीवाले, गायक यांच्या स्वरतंतूंवर अतिवापराने निरुपद्रवी गाठी येतात. सर्दी किंवा आम्लपित्तानेही आवाज बसतो. म्हणूनच घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु तीन आठवड्यांनंतरही आवाज सुधारला नाही, तर घसा आतून पाहिलाच पाहिजे. तंबाखू ओढणाऱ्याने तर तो टाळूच नये. स्वरतंतूवरचा कर्करोग लहान असतानाच आवाज बिघडवतो आणि बराच काळ जागेवरच राहतो. या अवस्थेत लेसर शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने बहुतेक रुग्ण बरे होतात, आवाजही वाचतो. उशीर झाला तर संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागू शकते. मग रुग्ण गळ्याला केलेल्या छिद्रातून श्वास घेतो आणि त्याला बोलणे नव्याने शिकावे लागते.

स्वरयंत्रामागील घशाचा भाग, म्हणजे अधोग्रसनी, अधिक फसवा आहे. तेथील कर्करोग सुरुवातीला गप्प असतो. गिळताना अडखळणे, एकाच कानात दुखणे, मानेत गाठ येणे ही त्याची चिन्हे बहुधा उशिरा दिसतात. ईशान्येकडील राज्यांत या रोगाचे प्रमाण लक्षणीय आहे आणि तेथील डोंगराळ भागांतून तज्ज्ञापर्यंतचा प्रवासच लांबचा ठरतो.

सरकारने काहीच केले नाही, असे नाही. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आहे, २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी आहे. तथापि २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ७.७ टक्के प्रौढ विडी ओढत होते, तर सिगारेट ४ टक्के. असे असूनही २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा सिगारेटवर भरपाई उपकर लागला आणि विडी त्यातून सुटली. विडी कामगारांच्या रोजगाराचे कारण त्यासाठी पुढे केले जाते. ते खोटे नाही. पण त्याचे उत्तर पर्यायी रोजगारात आहे, विडी स्वस्त ठेवण्यात नाही.

उपचारांच्या बाबतीतही असाच उफराटा हिशेब दिसतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत विमा योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे; मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी त्यात येत नाही. म्हणजे स्वरयंत्र काढण्याचा खर्च शासन देईल, ते वाचवू शकणाऱ्या काही मिनिटांच्या तपासणीचा देणार नाही.

प्रत्येक जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयात लवचीक दुर्बीण आणि ठरलेल्या वारी तज्ज्ञ, प्रश्नावलीत ‘होय’ म्हणणाऱ्याला थेट तेथे जाण्याची चिठ्ठी, आणि त्या तपासणीचा विमा योजनेत समावेश, एवढे तरी करता येण्यासारखे आहे. आशा कार्यकर्तीने विचारलेल्या प्रश्नाची जबाबदारी तिच्या कागदावर संपत नाही. ती पुढे आरोग्य खात्याची आहे.