‘आम्हीपण असेच होतो’

घरातल्या लहान मुलाला ऑटिझम आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की आपल्या वयाच्या लोकांचं पुढचं वागणं ठरलेलं असतं. आपण दोन रात्री जागून गुगल पालथं घालतो, इन्स्टावर चार थेरपिस्टना फॉलो करतो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या म्हाताऱ्यांना शिकवायला बसतो. आजोबा सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, “त्यात काय एवढं? आम्हीपण असेच होतो.” आपण कपाळावर हात मारतो आणि मित्रांच्या ग्रुपवर लिहितो, ‘आजोबा फुल डिनायलमध्ये आहेत.’

हे सगळं मी केलेलं आहे, म्हणून हक्काने बोलतोय. त्या घरात त्या दिवशी सगळ्यात कामाचं वाक्य आजोबांनी उच्चारलेलं असतं आणि आपण ते फेकून देतो.

माझा भाचा आता नऊ वर्षांचा आहे. सातव्या वर्षी निदान झालं. रिपोर्टवर ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, लेव्हल १’ असं होतं. डॉक्टर तोंडी म्हणाल्या, “पूर्वी याला ॲस्पर्गर सिंड्रोम म्हणायचे.” हे नाव २०१३मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या निदानपुस्तकातून गेलं, पण लोकांच्या बोलण्यातून गेलेलं नाही. मराठीत ‘स्वमग्न’ म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. आमचा पोरगा स्वतःत मग्न वगैरे काही नसतो, तो पिनकोडमध्ये मग्न असतो.

ताई आणि दाजी दोघंही नोकरी करतात. शाळेची व्हॅन त्याला दुपारी पावणेदोनला आमच्या बिल्डिंगखाली सोडते आणि रात्री आठपर्यंत तो माझ्या आई-बाबांकडे असतो. दिवसाचे सव्वासहा तास. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाबा रेल्वे मेल सर्व्हिसमधून रिटायर झाले. रात्रीच्या गाडीत, हलत्या डब्यात उभं राहून टपाल खणांत लावायचं, हे त्यांनी कितीतरी वर्षं केलं. नातवाला आकड्यांची ओढ आहे हे त्यांना आमच्या कितीतरी आधी कळलं होतं. त्यांनी त्याला पिनकोड शिकवला. पहिला आकडा विभागाचा, पहिल्या तिन्हींवरून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतात कविता करायचे, हेही पोराला पाठ आहे. पाहुण्याने “कसा आहेस?” विचारलं तर तो उत्तर देत नाही, “तुमचा पिनकोड काय?” असं विचारतो. सांगलीच्या मावशी त्याच्या लाडक्या आहेत, कारण त्यांचा पिनकोड ४१६४१६ आहे. दुसरं कारण नाही.

रोज साडेपाचला आजोबा-नातू कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जायचे. पेटीवर पुढचं टपाल निघायच्या वेळेची पाटी असते, ती बदलली की नाही ते बघायचं आणि परत यायचं. बास, एवढंच.

निदान झाल्यावर मी घरात नियम लागू केले. दोन पानांची प्रिंट काढून फ्रिजवर चिकटवली. डोळ्यांत बघायला सांगू नका. अचानक जवळ घेऊ नका. पापा मागू नका. आणि एक नियम असा होता : ‘त्याच्या एकाच विषयाला खतपाणी घालू नका.’ हा मी कुठल्याशा व्हिडिओतून उचलला होता. शिवाय फॅमिली ग्रुपवर इंग्रजी पीडीएफ टाकल्या. बाबांना इंग्रजी पत्ता लगेच वाचता येतो, चाळीस पानी पीडीएफ येत नाही. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

ते शिस्तीचे आहेत. लेखी आला म्हणजे नियम. त्यांनी टपालपेटी बंद केली.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात फार वाईट गेले. पोरगा संध्याकाळी चपला घालून दारात उभा राहायचा, मग किंचाळायचा, मग भिंतीवर डोकं आपटायचा. आई त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये स्वतःचा तळहात धरून बसायची. मी काय करत होतो? मी एक्सेल शीट केली होती. तारीख, वेळ, किती मिनिटं, तीव्रता एक ते पाच. त्याचा ग्राफही काढला. साडेपाच ते साडेसहा या वेळात उंच टेकडी दिसत होती. ती स्क्रीनवर दाखवून मी ताईला म्हणालो की संध्याकाळी त्याला ‘सेन्सरी ओव्हरलोड’ होत असणार, डॉक्टरांना विचारू या.

बाबा मागून वाकून बघत होते. म्हणाले, “अरे, ही आमची फिरायला जायची वेळ आहे.”

त्या संध्याकाळी ते त्याला घेऊन गेले. भिंतीवरचं डोकं आपटणं चार-पाच दिवसांत थांबलं. सगळं थांबलं असं नाही, पण ते थांबलं.

मग मी पहिल्यांदा नीट विचारलं की ‘आम्हीपण असेच होतो’ म्हणजे नक्की कसे? बाबांनी जे सांगितलं ते एकोणतीस वर्षांत मी ऐकलं नव्हतं. लोकरीचा स्वेटर अंगाला लागला की त्यांना उलटी व्हायची. शाळेत डबा सगळ्यांपासून लांब, पायरीवर बसून खायचे. रेल्वेचं टाइमटेबल पाठ होतं आणि ते म्हणून दाखवलं की पोरं हसायची. गुरुजी डोळ्यांत बघत नाही म्हणून छडी मारायचे. “मार खाल्ला आणि सरळ झालो,” ते म्हणाले. सरळ म्हणजे काय, असं विचारल्यावर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “अजून कुठल्या लग्नाला गेलो की मी दहा मिनिटं बाथरूममध्ये जाऊन बसतो.” आई म्हणाली, “पंधरा.” तिला माहीत होतं.

मी माझ्या बापाचं निदान करत नाहीये. तो माझा अधिकार नाही. पण त्या वाक्याला दोन अर्धी आहेत. ‘आम्हीपण असेच होतो’ हे पहिलं, आणि ‘मार खाऊन सरळ झालो, हाही होईल’ हे दुसरं. दुसऱ्या अर्ध्याशी भांडलंच पाहिजे, जोरात भांडलं पाहिजे. आपण मात्र दुसरं ऐकून पहिलंही कचऱ्यात टाकतो. पहिलं खरं असण्याची शक्यता चांगलीच आहे. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. खुद्द हान्स ॲस्पर्गरने १९४४च्या प्रबंधात लिहिलं होतं की या मुलांच्या आईवडिलांत आणि नात्यात तशाच छटा सापडतात. (हा ॲस्पर्गर काही सज्जन नव्हता. नाझींच्या काळात व्हिएन्नात त्याने अपंग मुलांना ज्या संस्थेत पाठवलं तिथे मुलं मारली जात, हे २०१८मध्ये संशोधकांनी कागदपत्रांनिशी मांडलं. त्याचं नाव गेलं ते बरंच झालं.)

२०१२मध्ये डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने एक साधी गोष्ट मांडली. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं आपण म्हणतो, पण इतरांनाही त्याचं मन कळत नाहीच की. गोंधळ दोन्हीकडून असतो. आमच्या घरात एका माणसाला त्या पोराचं मन अनुवादाशिवाय कळत होतं, आणि मी त्याच माणसाला फ्रिजवर नियम लावून दिले होते.

आता संस्कारांबद्दल. मुलगा भर आरतीत कानावर हात ठेवून टेबलाखाली शिरला की नातेवाइक आईकडे बघतात. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यावर कितीतरी वर्षं डॉक्टरच सांगत होते की आई थंड असते म्हणून मूल असं होतं. ‘रेफ्रिजरेटर मदर’ असा शब्द होता. बर्नार्ड रिमलंडने १९६४मध्ये त्याचा मुद्देसूद प्रतिवाद केला, तरी १९६७मध्ये ब्रूनो बेटलहाइमने तेच सांगणारं अख्खं पुस्तक काढलं आणि ते गाजलं. आपल्या पिढीला हे सगळं माहीत आहे, आपण आईला दोष देत नाही. आपण आजीला देतो. आजीने लाडावलंय, आजी भरवते म्हणून हाताने जेवत नाही, आजीने मोबाइल दिला. खुर्ची तीच, बसवलेली बाई फक्त बदलली.

यावर तुम्ही म्हणाल की तुझे आई-बाबा चांगले निघाले, आमच्याकडे ये आणि बघ. मान्य आहे. ताईच्या सासूबाईंनी उतारा टाकला, “आमच्या घराण्यात असं कुणी नाही” हे तीनदा ऐकवलं, आणि “उपाशी ठेवा, भूक लागली की सगळं खाईल” हा प्रयोग एक दिवस करूनही बघितला. मारणं आणि उपाशी ठेवणं यावर चर्चा नसते, ते थांबवायचं. ताईने थांबवलं. पण ‘शंभर टक्के बरा करतो’ म्हणणाऱ्याचा यूट्यूब व्हिडिओ मला पाठवला तो माझ्याच वयाच्या चुलतभावाने, एमटेक आहे तो. भोळेपणा पेन्शनीवर सुरू होत नाही. आणि ‘पोरगा जीनियस आहे, हे लोक असेच असतात, तो मस्क नाही का’ हे मला ऑफिसात ऐकायला मिळतं. इलॉन मस्कने २०२१मध्ये टीव्हीवर आपल्याला ॲस्पर्गर असल्याचं सांगितल्यापासून जास्तच. सासूबाई म्हणतात त्याला काही झालेलं नाही, ऑफिसातले म्हणतात त्याला फारच भारी काहीतरी झालंय. भिंतीवर आपटलेलं डोकं दोघांनाही बघायचं नसतं.

आमच्या आईला समजावण्यात मला दोन महिने यश आलं नाही, कारण मी ‘सेन्सरी प्रोसेसिंग’ असं काहीतरी बोलत होतो. शेवटी ताई म्हणाली, “आई, तुझी अर्धशिशी सुरू असताना ट्यूबलाइट कशी खुपते? त्याला कुकरची शिट्टी तशी खुपते.” संपलं. तेव्हापासून आई कुकर लावण्याआधी हाक मारते आणि तो गॅलरीत जाऊन तीन शिट्ट्या मोजून परत येतो. भाजी आणि पोळी एकमेकांना लागलेली त्याला चालत नाही, तर तिने खणांचं ताट आणलं. ‘व्हिज्युअल शेड्यूल’ हा शब्द तिने ऐकलेला नाही, पण कालनिर्णयवर रोजच्या रकान्यात ती त्याच्यासाठी लिहून ठेवते : आज पाहुणे, आज लाइट जाणार, आज भाजी कारली.

गेल्या गणपतीत जे झालं ते मला कधीच जमलं नसतं. आरतीच्या आधी आईने झांज कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि म्हणाली, यंदा टाळ्यांवर म्हणायची. मोठे काका चिडले. आमच्यात असं चालत नाही वगैरे. मी किंवा ताई बोललो असतो तर भांडण दिवाळीपर्यंत चाललं असतं. आई त्यांची वहिनी आहे. ती म्हणाली, “भाऊजी, देवाला कमी ऐकू येतं का?” काका टाळ्या वाजवायला लागले. भाचा पूर्ण आरतीभर दाराशी उभा होता, खोलीच्या आत. आपल्या घरांत जागा करून द्यायची ताकद कुणाकडे असते, याचा विचार तुम्ही म्हाताऱ्यांची थट्टा करण्याआधी करत जा.

आणि या माणसांना कुणी काही सांगत नाही. आमच्या थेरपी सेंटरच्या पालकसभा शनिवारी असतात, इंग्रजीत, आणि फक्त आई-वडिलांसाठी. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६चा कायदा ऑटिझमला मान्यता देतो आणि काळजी घेणाऱ्याच्या व्याख्येत आई-वडिलांबरोबर घरातल्या इतर माणसांनाही धरतो. कायदा करणाऱ्यांना जे कळलं ते फॉर्म करणाऱ्याला कळलेलं नाही. सव्वासहा तास जे मूल सांभाळतात त्यांना तासभर मराठीत समजावून सांगणं, त्यांचं ऐकून घेणं, हे कुणाच्याच कामात बसत नाही. मग ते चुकले की आपण पोस्ट लिहायला मोकळे.

गेल्या महिन्यात सेंटरचा नवीन वर्षाचा फॉर्म आला. ‘वडिलांचं नाव’, ‘आईचं नाव’ याच्या खाली मी पेनने तिसरी ओळ आखली आणि आई-बाबांची नावं आणि नंबर लिहिले. दोन दिवसांनी रिसेप्शनवरून फोन आला की सर, सिस्टीममध्ये दोनच फील्ड आहेत, तिसरं घेत नाही. मी त्यांना सांगितलं की मी हीच कामं करतो, फील्ड वाढवायला अर्धा दिवस लागतो, तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याचा नंबर द्या, मी बोलतो. त्यांनी नंबर अजून दिलेला नाही. या शनिवारी सभा आहे. बाबांनी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय आणि मी त्यांना घेऊन जाणार आहे.