स्कूटरचा पट्टा आणि आपले हात

गेल्या मार्च महिन्यांत आमच्या हातून एक चूक घडली. ती सांगतांना थोडी लाज वाटते. परंतु शिक्षकानें आपली चूक झांकून इतरांस उपदेश करावा, हें बरें नव्हे. शालान्त परीक्षेचा दिवस होता. जवळच्या वस्तीवरील एका विद्यार्थ्याची एस. टी. चुकली, म्हणून आम्ही त्यास आपल्या स्कूटरवर मागें बसवून नामपुरास निघालों. अर्ध्या वाटेवर आंतून फट्‌ असा आवाज झाला. इंजिन चालूच होतें, पण मागचें चाक फिरेना. पट्टा तुटला होता. सुदैवानें उन्हाळी कांदा बाजार समितीकडे नेणारा एक ट्रॅक्टर मागून आला. त्या शेतकरीदादांनीं मुलास वर घेतलें, व पेपर सुरू होण्यास चार मिनिटें असतां तो वर्गांत पोंचला. आम्ही गाडी ढकलीत गांवांत आलों. गाडीचें अंतर 31 हजार किलोमीटर झालें होतें, आणि पट्टा एकदांहि बदललेला नव्हता!

पुढच्या शनिवारीं दुपारीं आम्ही अंगणांत बसून तो पट्टा स्वतः बदलला. नववीचा एक मुलगा व एक मुलगी मदतीस होतीं. तेवढ्यांत एक पालक आले व म्हणाले, "सर, पोरांचे हात काळे होऊं नयेत म्हणून तर आम्ही त्यांना शाळेंत घातलं. तुम्ही त्यांना मिस्त्री करतां कीं काय?" ज्यांनीं कांद्याच्या वाफ्यांत आयुष्यभर पाठ वांकविली, त्यांचा हा प्रश्न मायेचा होता. म्हणूनच त्याचें उत्तर या अंकांत देणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. जुन्या बजाज चेतकसारख्या स्कूटरींत गिअर हातानें बदलावे लागत. 1958 सालीं हॉलंडमधील डाफ कंपनीनें पट्ट्यानें आपोआप वेग बदलणारी मोटार लोकांपुढें आणली. आपल्याकडे फिरोदिया कुटुंबाच्या किनेटिक उद्योगानें 1984 सालीं जपानच्या होंडा कंपनीशीं भागीदारी केली, व तींतून किनेटिक होंडा ही बिनगिअरची स्कूटर आली. आज पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक स्कूटरी याच पद्धतीच्या आहेत.

डाव्या बाजूच्या झांकणाखालीं दोन पुल्या व त्यांवर एक रबरी पट्टा, एवढाच मुख्य संसार आहे. पिठाच्या गिरणीचा पट्टा सर्वांनीं पाहिला आहे. परंतु गिरणीच्या पुलीचें माप कायम असतें, येथें तें धांवतांना बदलतें. पुढच्या पुलींत बहुधा सहा लहान रोलर असतात. इंजिनाचा वेग वाढला कीं केंद्रोत्सारी प्रेरणेनें ते बाहेर सरकतात, पुलीची एक बाजू दुसरीकडे ढकलतात, आणि मधला पट्टा वर चढतो. त्याच वेळीं मागच्या पुलीच्या बाजू स्प्रिंगचा जोर सोसून फांकतात व तेथें पट्टा खोल उतरतो. पट्टा झिजून अरुंद झाला कीं तो पुरता वर चढत नाहीं व गाडीचा वेग कमी पडतो. मग दांत्यांच्या मुळाशीं भेगा पडतात, आणि शेवटीं तो तुटतो. आमच्या गाडीनें दोन महिने आधीं ही तक्रार केली होती. आम्हींच ती ऐकली नाहीं. पट्टा केव्हां बदलावा हें गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. पुष्कळ गाड्यांस तें अंतर वीस ते चोवीस हजार किलोमीटर असतें.

हें काम घरीं करतां येतें, पण घाईनें नव्हे. इंजिन थंड असावें, गाडी डबल स्टँडवर असावी, व प्लगची टोपी काढून ठेवावी. झांकणाचे बोल्ट कमीजास्त लांबीचे असतात; पुठ्ठ्यावर आकृति काढून प्रत्येक बोल्ट आपल्या जागीं टोंचून ठेवावा. आंतली धूळ तोंडानें फुंकूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. पुढचा नट काढतांना पंख्याच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकविण्याची पुष्कळांस खोड असते. त्यानें पातीं मोडतात. पुली धरण्याचें हत्यार मिळतें, तेंच वापरावें. रोलर एका बाजूस चपटे झाले असतील तर सर्व एकदम बदलावे. पट्टा जेथें टेकतो तेथें तेलाचा थेंबहि नको. पट्ट्यावर बाण असल्यास तो फिरण्याच्या दिशेनें ठेवावा. सर्वांत महत्त्वाचें हें कीं, मागची पुली हातानें फांकवून पट्टा तींत खोल बसवावा, म्हणजे पुढें तो सैल राहतो. तसें न केल्यास पट्टा पुढच्या पुलींत चिमटतो, नट घट्ट बसल्याचा भास होतो, आणि रस्त्यावर तो ढिला होतो. नट पुस्तिकेंतील मापानें टॉर्क पान्यानेंच आवळावा. मागच्या क्लचचा मोठा नट मात्र घरीं उघडूं नये. त्यामागें दाबलेली स्प्रिंग असते, ती उसळून इजा होते. तेथें मिस्त्रींकडेच जावें.

आतां त्या पालकांचा प्रश्न. श्रमापासून सुटका आणि श्रमाविषयीं अज्ञान या दोन गोष्टी एक नव्हेत, असें आमचें नम्र मत आहे. फळ्यावर बाण काढून वर्तुळगतीचा जो धडा गळीं उतरला नव्हता, तो त्या मुलीनें रोलर हातांत धरतांच ओळखला. "सर, रोलरचं वजन बदललं तर गाडीची चालहि बदलेल ना?" असें तिनें विचारलें. ती मिस्त्री झाली नाहीं. ती विज्ञान शिकली. यामुळें मिस्त्रीचें मोलहि कमी होत नाहीं. स्वतः एक दुपार घामाघूम झालेल्या मनुष्यास मजुरी देतांना घासाघीस करवत नाहीं. प्रभु येशूस त्याच्या गांवचे लोक सुतार म्हणून ओळखीत, आणि पौल तंबू करून पोट भरीत असे. त्यांचे हात काळे झाले म्हणून त्यांची योग्यता उणावली नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, एक सूचना. गाडी समजून घेणें निराळें व ती रस्त्यावर चालविणें निराळें. 18 वर्षांखालील मुलांनीं या स्कूटरी चालविणें गुन्हा आहे, व 2019 च्या कायदादुरुस्तीपासून त्याची शिक्षा पालकांसहि होते. परंतु मे महिन्याच्या सुटींत आईवडिलांजवळ बसून गाडीची पुस्तिका काढा, अंतराचा आंकडा पाहा, आणि पट्टा केव्हां बदलला होता तें विचारा. एवढें आम्हीं वेळींच केलें असतें, तर एका मुलाचें वर्ष चार मिनिटांवर येऊन ठेपलें नसतें. तो मुलगा उत्तीर्ण झाला. त्याचें श्रेय त्याच्या अभ्यासास व त्या ट्रॅक्टरवाल्या दादांस आहे, आम्हांस नाहीं.