मीटरावाचून सहकार? वीजग्राहक सभासदांस जाहीर विनंती



मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेच्या वितरण परवान्याची मुदत ३१ जानेवारी २०११ रोजी संपली आणि श्रीरामपूर, राहुरी, राहाता या मुलखातील वीजपुरवठ्याचा कारभार महावितरणकडे गेला. या गोष्टीस पुष्कळ काळ लोटला असला, तरी ती संस्था कोणी बुडविली यावर आजही हिरीरीने वाद चालतात. त्यांत एक पक्ष राज्यकर्त्यांच्या सूडबुद्धीकडे बोट दाखवितो, दुसरा संचालकांच्या बेबंद कारभाराकडे, आणि सभासदाला मात्र दोन्ही पक्ष सन्मानाने निर्दोष सोडून देतात. हे पत्रक त्या सभासदाकरिता आहे.

ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाच्या आश्रयाने देशात ज्या पाच प्रायोगिक संस्था उभ्या राहिल्या, त्यांत कोडिनार, सिरसिल्ला, हुक्केरी आणि लखनौ यांच्या पंक्तीस मुळा-प्रवरा बसली होती. योजनेचा आराखडा अमेरिकन तज्ज्ञांच्या साहाय्याने झाला, कारण खाजगी कंपन्यांनी अव्हेरलेल्या अमेरिकेतील खेड्यांत १९३५ नंतर शेतकऱ्यांनी सरकारी कर्जाच्या बळावर स्वतःच्या वीज संस्था काढून घराघरांत दिवे लावले होते. त्या संस्थांपैकी अनेकींत मीटर वाचण्यास कोणी कारकून येत नसे. सभासदच आपल्या मीटराचा आकडा टिपून बिलाच्या रकमेसह टपालाने पाठवीत असे. आपण तो आराखडा आणला, खांब आणले, तारा ओढल्या. आकडा टिपणारा सभासद तेवढा आणावयाचा राहिला.

संस्थेच्या कैवाऱ्यांचे गाऱ्हाणे खोटे आहे असे मुळीच नाही. वीज घ्यावयाची एकाच घाऊक विक्रेत्याकडून, तीही लावून दिलेल्या दराने, आणि विकावयाची ती तिसऱ्यानेच ठरविलेल्या दराने, अशा कात्रीत सापडलेला कोणताही व्यवहार सुखाने चालणे कठीण. त्यातून वीज मंडळ शेतीतील तूट ठाण्या-पुण्याच्या कारखानदारांकडून भरून काढू शके, तर मुळा-प्रवरेच्या पदरी मुख्यतः विहिरींवरचे पंपच आले. हे नाकारणारा मनुष्य एकतर अज्ञानी असावा, किंवा महावितरणचा वकील.

परंतु हे गाऱ्हाणे वीज नियामक आयोगापुढे वा सरकारदरबारी मांडावयाचे ते कोणत्या दप्तराच्या आधारे? शेतीपंपाची आकारणी अश्वशक्तीवर होई, पंपाला मीटर नसे, आणि असला तर बंद. अशा स्थितीत घेतलेल्या विजेपैकी पिकाला किती लागली, तारांत किती जिरली आणि आकडे टाकून किती पळविली गेली, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नसे. न जुळणारा प्रत्येक युनिट ‘शेती’ या प्रशस्त रकान्यात ढकलून द्यावयाचा आणि त्यावर अनुदान मागावयाचे, ही रीत सरकारी वीज मंडळानेही मनसोक्त पाळली; फरक इतकाच, की मंडळाच्या पाठीशी राज्याचा खजिना होता.

संस्थेच्या काळात डीपीपाशी घटकाभर उभे राहिल्यास हा व्यवहार डोळ्यांनी दिसे. कागदावर मोटर तीन अश्वशक्तीची, पण रिवायंडिंगवाल्याच्या हातून जाऊन आली की ती पाचाचा भार ओढी. बहुतेकांनी ऑटोस्विच बसविलेला, त्यामुळे रात्री वीज येताक्षणी साऱ्या मोटरी एकदम सुरू होत, कपॅसिटर कोणी लावलेला नसे, आणि ६३ केव्हीएचे रोहित्र भर उन्हाळ्यात जळे. मग वर्गणी काढून ते ट्रॅक्टरवर घालून न्यावयाचे, ऊस वाळत असताना वायरमनची मनधरणी करावयाची, आणि संस्थेला शिव्या द्यावयाच्या. ती संस्था आपलीच, आणि ते रोहित्रही आपल्याच भागभांडवलातले, ही जाणीव त्या गर्दीत एकालाही शिवत नसे.

वसुलीची कथाही याच जातीची. थकबाकीदारांच्या मतांवर निवडून आलेले संचालक थकबाकीदारांची जोडणी तोडण्याचा हुकूम काढतील, अशी अपेक्षा करणे म्हणजे मनुष्यस्वभावाशी वैर करणे होय. संचालक मंडळ वीज मंडळाचे पैसे थकवी, सभासद संचालकांचे थकवी, आणि वार्षिक सभेत ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात ताळेबंद पार पडे. अखेरीस वीज मंडळाची वारस असलेल्या महावितरणने सांगितलेली येणे रक्कम व्याजासह २,००० कोटींच्या पलीकडे गेली. त्या आकड्याच्या खरेखोटेपणावर वाद घालता येईल. मात्र ज्या संस्थेजवळ स्वतःचा मोजलेला आकडा नाही, तिने दुसऱ्याच्या आकड्यास हरकत घ्यावी ती कशाच्या जोरावर?

हे उकरून काढण्याचे कारण जुने नाही. २०१७ पासूनची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि त्यानंतरची केंद्राची ‘कुसुम’ योजना यांमुळे खेड्यांतील वीज पुन्हा चर्चेत आली असून, ‘कुसुम’मध्ये सहकारी संस्थांनाही सौर प्रकल्प उभारण्याची मुभा आहे. गावोगाव नवे प्रवर्तक सभासदांची यादी घेऊन हिंडू लागतील, आणि त्यांच्या हाती बहुधा जुनेच उपविधी असतील.

म्हणून विनंती अशी, की नव्या संस्थेचे भाग घेण्यापूर्वी प्रत्येक जोडणीस मीटर आणि प्रत्येक रोहित्रावर स्वतंत्र मीटर ही अट उपविधींत लिहून मागा. थकबाकीदारास संचालकपदाची उमेदवारी व मतदान दोन्ही बंद ठेवण्याचा आग्रह कायद्याच्या मर्यादेत धरा. आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत वाहिनीनिहाय घेतलेली, विकलेली व गळालेली वीज यांचा जमाखर्च मांडला जात नसेल, तर ताळेबंदास मंजुरी देऊ नका.